रेषा दाटल्या म्हणजे उंची वाढली?

नकाशावर तपकिरी रेषांची गर्दी दिसली की ‘बापरे, केवढा उंच डोंगर!’ म्हणणारा एक तरी गडी प्रत्येक ट्रेकच्या ग्रुपमध्ये असतोच. शाळेत समोच्च रेषा दोन गुणांपुरत्या शिकल्या की दुसरं काय होणार!

गैरसमज : रेषा दाट, म्हणजे जागा उंच.

वस्तुस्थिती : दाट रेषा चढ सांगतात. उंची कळते ती रेषेवर लिहिलेल्या आकड्यावरून. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेल्या जागा जोडल्या की समोच्च रेषा तयार होते. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, तरी शहराच्या सपाट भागात या रेषा विरळच. उलट सह्याद्री कोकणात उतरतो तिथे, पायथ्याच्या दोनशे-तीनशे मीटर उंचीवरही त्या एकमेकींना खेटून असतात.

फूटपट्टी लावून बघा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 टोपोशीटवर 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर. शेजारच्या दोन रेषांच्या उंचीत साधारणपणे 20 मीटरचा फरक असतो (तरी समासातली नोंद वाचावीच). रेषा 1 मिलिमीटरवर असतील, तर 50 मीटर पुढे जाताना 20 मीटर चढायचं, म्हणजे दमछाक ठरलेली. त्याच रेषा 4 मिलिमीटरवर असतील, तर तेवढाच चढ 200 मीटरमध्ये विभागला जातो आणि गप्पा मारत चढता येतं. नकाशावरचं अंतर आडवं मोजलेलं असतं, त्यामुळे चढावर पाय प्रत्यक्षात त्याहून जास्तच चालतात.

गैरसमज : दोन रेषांच्या मधे जमीन सपाट असते.

वस्तुस्थिती : रेषा म्हणजे जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. मधल्या जागेत काय आहे, हे नकाशा सांगतच नाही. 15 मीटरचा उभा कातळटप्पा दोन रेषांमध्ये सहज लपून जातो. ‘नकाशात तर काहीच नव्हतं’ ही तक्रार इथूनच येते.

गैरसमज : बंद वळसा म्हणजे शिखर.

वस्तुस्थिती : बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आठवा. उल्कापाताने झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर नकाशावर एकात एक वळशांचंच दिसतं. पण काठावरून आत जावं तसे आकडे घटत जातात. अशा खळग्याच्या रेषांना कित्येक नकाशांत आतल्या बाजूने आखूड दातेही काढतात. वळशाच्या आकाराआधी आकडा वाचा.

गैरसमज : समोच्च रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत.

वस्तुस्थिती : हे बहुतेक ठिकाणी खरं आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा मात्र नुसता उभा नाही, वरचा भाग पुढे झुकलेला आहे. अशा कड्याच्या रेषा काटेकोर काढल्या तर त्या एकमेकींना ओलांडतील. नकाशाकार ती भानगड टाळतात आणि कड्याची वेगळी खूण करतात.

गैरसमज : रेषांचं टोक दिसलं की ती डोंगराची सोंड.

वस्तुस्थिती : टोक ज्या बाजूला आहे तिकडे आकडे वाढत असतील तर तो ओढा किंवा नाळ, घटत असतील तर सोंड. पावसाळी ट्रेकची वाट आखताना एवढं तरी घरीच तपासून घ्या; भर पावसात नाळेतून पाणी आणि दगड दोन्ही येतात.