घरखाते आणि पेढी

व्यापाऱ्याच्या घरी पैसा नसतो असे नाही. पण तो बहुधा पेढीत गुंतलेला असतो, आणि पेढीतला पैसा घरचाच समजणे हा आपल्या व्यवसायातील जुना भ्रम होय. तुरीचा हंगाम आला की घरची शिल्लक खरेदीत जाते; लग्नकार्य निघाले की भांडवल घरात येते. मग नफा किती झाला आणि उचल किती वाढली, हे खातेवहीलाही सांगता येत नाही.

आमच्या मते पेढीने घरास दरमहा ठरीव रक्कम, गुमास्त्याच्या पगाराप्रमाणे ठरल्या तारखेस द्यावी. खर्च भागून उरेल ते पेढीत परत येऊ नये. 1932 च्या भागीदारी कायद्यान्वये पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार वैयक्तिक जबाबदार असतो. भाव कोसळला तर राहते घरही सुटत नाही.

उलट सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक सावकाराच्या देण्यापोटी जप्त होत नाही. मुदत मात्र 15 वर्षांची. तसेच 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांसाठी काढलेल्या आयुर्विम्यावर धनकोचा हक्क पोहोचत नाही. पण तसा उल्लेख विमा काढतानाच हवा, आणि हप्ते धनकोस फसविण्याच्या हेतूने भरलेले नसावेत. देणी थकल्यावर केलेली धावपळ येथे उपयोगी पडत नाही.

घरखर्चाची वही गृहिणीने ठेवावी. वर्षाचा खरा खर्च तिच्याइतका अचूक कोणी सांगणार नाही, आणि तो आकडा हाती आल्यावाचून पेढीच्या आधाराशिवाय घर किती वर्षे चालेल, याचा हिशेबच मांडता येत नाही.