टॅब घ्यावा की न घ्यावा?

शाळा सुटल्यावर एक पालक थांबले होते. मुलगी आठवीत, धाकटा मुलगा पाचवीत. वडील सिन्नरजवळच्या मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला. त्यांनी विचारले, "सर, पोरगी टॅब मागते. अभ्यासाला लागतो म्हणते. पंधरा हजारांपर्यंत जाईल सगळं. घेऊ का?" पंधरा हजार म्हणजे त्यांचा जवळजवळ महिन्याचा पगार.

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना विचारला जातो. बहुतेक वेळा आपण "घ्या, काळाची गरज आहे" असे तरी सांगतो किंवा "नको, मुलं बिघडतात" असे तरी. दोन्ही उत्तरे अंदाजाने दिलेली असतात. शाळेत आपण मोजमाप करायला शिकवतो. तेच मोजमाप या प्रश्नाला लावून पाहू.

स्वस्त टॅबची एक गोष्ट

टॅब स्वस्त झाला की शिक्षणाचा प्रश्न सुटेल, असे एकदा मोठ्या प्रमाणावर वाटले होते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत 'आकाश' या टॅबचे प्रकाशन झाले. सरकारला तो सुमारे २,३०० रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्यांना त्याहून स्वस्तात मिळायचा होता. जगभर त्याची चर्चा झाली.

प्रत्यक्षात तो हातात आल्यावर अडचणी कळल्या. पडदा ७ इंचांचा होता, पण तो दाबावर चालणारा होता. अशा पडद्यात दोन पातळ वाहक थर एकमेकांपासून किंचित दूर ठेवलेले असतात. बोटाने दाबल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि त्या जागेवरील विद्युतरोधावरून स्पर्शाची जागा ठरते. त्यामुळे हलक्या बोटाने काम होत नाही, जोर द्यावा लागतो. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे त्या काळाच्या मानानेही मंद होता. बॅटरी २,१०० मिलीअँपिअर-तास क्षमतेची होती. तिचा व्होल्टेज ३.७ धरला तर साठणारी ऊर्जा सुमारे ७.८ वॅट-तास होते. यंत्र तीन वॅटने ऊर्जा खात असेल, तर ती अडीच तासांत संपणार. शाळेचा निम्मा दिवसही पुरणार नाही.

११ नोव्हेंबर २०१२ रोजी 'आकाश २' आला. त्याच्या कामात मुंबईच्या आयआयटीचा मोठा वाटा होता. प्रोसेसर १ गिगाहर्ट्‌झचा, बॅटरी ३,००० मिलीअँपिअर-तासांची आणि पडदा विद्युतधारितेवर चालणारा, म्हणजे आज सर्वत्र असतो तसा होता. या पडद्याच्या काचेखाली पारदर्शक वाहकाची जाळी असते. आपल्या शरीरात पाणी आणि क्षार असल्याने बोट विद्युतवाहक असते. ते काचेजवळ आले की त्या जागेची विद्युतधारिता बदलते आणि यंत्राला जागा कळते. दाबण्याची गरज राहत नाही. (मुलांना करून पाहू द्या: याच पडद्याला लाकडी पट्टी लावली तर काही होत नाही, हातात धरलेला स्टीलचा चमचा हलकेच टेकवला तर पडदा बहुधा प्रतिसाद देतो. पडद्यावर पाणी सांडले की तो गोंधळतो. असे का, हे त्यांनाच विचारा.)

दुसरा टॅब पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला होता. तरीही ही योजना २०१५ मध्ये बंद झाली. किंमत कमी करणे हा प्रश्नाचा एक भाग होता. त्यावर काय शिकायचे, कोणी शिकवायचे आणि बिघडल्यावर काय करायचे, हा त्याहून मोठा भाग होता.

यंत्र दिले की शिकणे होते का?

याची तपासणी परदेशातही झाली आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही चळवळ २००५ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाली. भारतातील तिचा पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरील छोट्या एकशिक्षकी शाळेत झाला. पेरू या देशाने मात्र हजारो शाळांना असे लॅपटॉप दिले. तेथील ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे सव्वा वर्षानंतर लॅपटॉप मिळालेल्या शाळांतील मुले आणि न मिळालेल्या शाळांतील मुले यांच्या गणिताच्या व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही.

आता याच्या उलट उदाहरण. २०१५ मध्ये दिल्लीत माध्यमिक वर्गांतील मुलांसाठी शाळेनंतरच्या केंद्रांत एक प्रयोग झाला. मुले आठवड्यातून सहा दिवस, रोज दीड तास येत. त्यातला निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ शिक्षकाबरोबर गटात. संगणकावरील कार्यक्रम मुलाची इयत्ता पाहत नसे. त्याला प्रत्यक्षात काय येते ते पाहून तो गणिते देई. सहावीतल्या मुलाला तिसरीचा भागाकार येत नसेल, तर तेथून सुरुवात. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितात आणि हिंदीत स्पष्ट प्रगती दिसली.

दोन्ही ठिकाणी यंत्र होते. फरक होता तो ठरलेल्या वेळेचा, मुलाच्या पातळीवरील मजकुराचा आणि शेजारी असलेल्या माणसाचा. म्हणून "टॅब चांगला की वाईट" हा प्रश्नच चुकीचा आहे. "या घरात, या मुलासाठी, आठवड्यातून किती तास आणि कशासाठी?" असे विचारायला हवे.

पुठ्ठ्याचा टॅब

दुकानात जाण्याआधी वर्गातच एक प्रयोग करता येतो. पुठ्ठ्याचे तीन आयत कापा. पहिला ६.८ × १५ सेंटिमीटरचा. हा साधारण साडेसहा इंची फोनचा पडदा. दुसरा १०.८ × १७.२ सेंटिमीटरचा, हा ८ इंची टॅब. तिसरा १३.६ × २१.८ सेंटिमीटरचा, हा सुमारे १० इंची टॅब. पडद्याचे इंच कर्णावर मोजतात, हे पायथागोरसच्या प्रमेयाने मुलांना पडताळून पाहू द्या.

आता हे आयत पाठ्यपुस्तकाच्या पानावर ठेवा. पान २१ सेंटिमीटर रुंद असेल आणि ते पूर्ण रुंदीने पडद्यावर बसवायचे असेल, तर फोनवर ते एक तृतीयांश, ८ इंची टॅबवर निम्मे आणि १० इंची टॅबवर दोन तृतीयांश होते. छापील अक्षर ३ मिलिमीटर उंच असेल तर फोनवर ते १, छोट्या टॅबवर दीड आणि मोठ्या टॅबवर २ मिलिमीटर उरते. देवनागरीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. अक्षराच्या वर रफार आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. एक मिलिमीटरच्या अक्षरात 'ष्ट' आणि 'ष्ठ' वेगळे ओळखणे पाचवीच्या मुलाला जड जाते. पान मोठे करून वाचता येते, पण मग प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवावे लागते.

यातून दोन गोष्टी कळतात. व्हिडिओ पाहायचा असेल किंवा पुस्तकातील क्यूआर कोड वाचायचा असेल तर फोन पुरतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे काम केले. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यामागे हे काम होते. ती सोय वापरायला घरातला साधा स्मार्टफोन चालतो. पान वाचायचे, आकृती पाहायची किंवा दोघांनी मिळून गणिते सोडवायची असतील तर मोठा पडदा खरा उपयोगी. पण बालभारतीचे छापील पुस्तक घरात असताना तेच पान पडद्यावर वाचण्यासाठी पैसे घालवण्यात अर्थ नाही.

विजेचा खर्च आणि बॅटरीचे आयुष्य

"लाइट बिल वाढेल का?" असेही पालक विचारतात. ५,००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी ३.८ व्होल्टची धरली तर तिच्यात १९ वॅट-तास ऊर्जा मावते. चार्जरमधील व्यय धरून २५ म्हणा. एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. म्हणजे एका युनिटमध्ये टॅब चाळीस वेळा पूर्ण भरतो. बिलाची चिंता करू नये.

चिंता करावी ती बॅटरीच्या आयुष्याची. लिथियम-आयन बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता सुमारे ८० टक्क्यांवर येते. रोज एक तास वापर असेल तर एक पूर्ण फेरी होण्यास पाच-सहा दिवस लागतात. त्या हिशेबाने बॅटरी बरीच वर्षे पुरायला हवी. पण तिला आणखी दोन शत्रू आहेत. एक उष्णता: एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात पूर्ण भरून ठेवलेला टॅब लवकर म्हातारा होतो. दुसरा म्हणजे न वापरणे. कपाटात पडलेला टॅब हळूहळू रिकामा होत जातो. व्होल्टेज फार खाली गेला की बॅटरीच्या आत कायमचे नुकसान होते आणि मग तो चार्जरला लावूनही जागा होत नाही. अनेक शाळांच्या कपाटांत असे टॅब आहेत. सुट्टीत ठेवताना निम्मा भरून, बंद करून, थंड जागी ठेवावा आणि महिन्या-दीड महिन्याने पाहावा.

आणखी एक आयुष्य असते, ते सॉफ्टवेअरचे. कंपनीने सुधारणा देणे थांबवले की काही वर्षांत नवी ॲप चालेनाशी होतात. म्हणून दुकानात रंग आणि कॅमेरा विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. सुधारणा किती वर्षे मिळणार? बॅटरी व पडदा बदलून मिळतो का, आणि कितीला? दुरुस्ती सिन्नरला होते, की तीसेक किलोमीटरवर नाशिकला जावे लागते?

तासाचा भाव

आता मुख्य हिशेब. टॅब, कव्हर व काच मिळून १५,००० रुपये आणि आयुष्य ४ वर्षे धरू. वर्षाचे २५० दिवस म्हणजे एकूण १,००० दिवस.

रोज एक तास खऱ्या अभ्यासाला वापरला, तर १,००० तास होतात. तासाला १५ रुपये.
रोज दहाच मिनिटे वापरला, तर सुमारे १६७ तास होतात. तासाला ९० रुपये.

वस्तू तीच, दुकान तेच, पण भाव सहापट. त्या पालकांना मी दुसराही हिशेब मांडून दाखवला. महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०८ तास काम. १५,००० ला २०८ ने भागले की त्यांच्या एका तासाच्या श्रमाचे ७२ रुपये होतात. टॅब दहाच मिनिटे वापरला जाणार असेल, तर मुलीच्या एका तासासाठी वडिलांना सव्वा तास यंत्रावर उभे राहावे लागेल. पूर्ण तास वापरला गेला, तर बारा-तेरा मिनिटे पुरतील.

मात्र तास मोजताना एक नियम पाळावा. जे काम पुस्तक, वही किंवा घरातला फोन करू शकतो, ते टॅबच्या खात्यावर लिहायचे नाही. खेळ आणि गाणीही नाहीत.

आठवड्याची वही

मी त्यांना म्हटले, "आधी एक आठवडा वही ठेवा. टॅब असता तर, असे मुलांना जेव्हा वाटेल तेव्हा तारीख, काम आणि मिनिटे लिहायची. शेवटच्या रकान्यात: दुसऱ्या कशाने झाले असते का?"

आठवड्याने मुलगी स्वतः वही घेऊन आली. क्यूआर कोडचे व्हिडिओ ४० मिनिटे आणि शाळेचे निरोप व गृहपाठ ३० मिनिटे, ही कामे फोनने भागणारी. गणिताचा सराव दीड तास आणि भावासाठी पडद्यावरच मिळणाऱ्या गोष्टींचे वाचन ५० मिनिटे, ही कामे टॅबची. गाणी व खेळ चार तास. त्यापुढे तिने प्रामाणिकपणे फुली मारली होती. म्हणजे आठवड्याला खरी गरज २ तास २० मिनिटांची. वर्षाचे ४५ आठवडे आणि चार वर्षे धरली तर ४२० तास, तासाला सुमारे ३६ रुपये. वडिलांच्या श्रमाचा बरोबर अर्धा तास.

वहीत एक गोष्ट अशीही दिसली, जी मला सुचली नव्हती. फोनने भागणारी कामेही अडत होती, कारण घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर पाळीवर जात होता. अडचण पडद्याच्या आकाराची कमी आणि वेळेची जास्त होती.

त्या घराने असे ठरवले: पहिली पाळी असेल त्या आठवड्यांत संध्याकाळी सात ते साडेआठ फोन मुलांकडे. पाठ्यपुस्तकांच्या मोफत पीडीएफ आणि 'दीक्षा' ॲपवरील पाठ एकदाच उतरवून ठेवायचे, म्हणजे रोज नेट लागणार नाही. वही दिवाळीपर्यंत चालू ठेवायची. गणिताच्या सरावाचे तास टिकले किंवा वाढले तर बोनसमधून १० इंची टॅब घ्यायचा, घटले तर नाही.

मुलगी जाताना म्हणाली, "सर, भागाकार मीच केला. पप्पांचा अर्धा तास येतो." टॅब येईल किंवा न येईल, पण त्याची खरी किंमत तिला काढता आली. आपल्या वर्गातील मुलांनाही हा हिशेब स्वतःच्या घरासाठी करायला द्यावा. टॅबच्या जागी सायकल किंवा शिकवणीची फी घातली तरी रीत तीच राहते.