खारं पाणी आणि बोराची आठळी

बारामतीहून नीरेच्या रस्त्याला लागलं आणि माळेगाव मागे पडलं की पणदरे येतं. या पट्ट्यातल्या जमिनीची वाटणी नीरा डाव्या कालव्याने करून ठेवली आहे. कालव्याखाली नदीपर्यंत उसाचं रान, कालव्याच्या वर मुरमाड माळ. वरच्या माळाला पाणी नाही ही तक्रार, तर खालच्या रानाला पाणी जास्त झालं ही. जास्त झालेलं पाणी उन्हाळ्यात वर चढतं, उडून जातं आणि मागे पांढरा थर ठेवतं. गावात म्हणतात, रानाला मीठ फुटलं.

हे दुखणं काही आजचं नाही. 1876-77च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून या कालव्याचं खोदकाम हाती घेतलं गेलं आणि 1880च्या दशकात त्यातून पाणी खेळू लागलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी 1910 मध्ये मुंबई इलाख्याच्या शेती खात्यासाठी एक पुस्तिका लिहिली, तिचा विषयच होता नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी. म्हणजे कालवा येऊन जेमतेम एक पिढी झाली आणि खारवटपणा सरकारी पुस्तिकेचा विषय झाला.

अशा रानाच्या बांधावर, पडीक कोपऱ्यात किंवा वरच्या माळावर झाडं लावायची म्हटली की पहिला प्रश्न पाण्याचा. उन्हाळ्यात हाताशी असतं ते विहिरीचं किंवा बोअरचं मचूळ पाणी. त्यावर बोर, बाभूळ, हिवर, करंज, हिंगणबेट यांचं बी उगवेल का? कोणी सांगतं, बी मिठाच्या पाण्यात भिजवूनच लावावं, जोमाने येतं. कोणी सांगतं, मिठाने बी जळतं. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त ते दोन वेगळ्या कामांबद्दल बोलत असतात.

पहिलं काम बी निवडण्याचं. बोराची बाग करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. उमराण किंवा कडाक्याचं कलम थेट बियांपासून करत नाहीत. गावरान बोराचा खुंट वाढवतात आणि त्यावर डोळा भरतात. खुंटासाठी गोळा केलेल्या आठळ्यांपैकी कितीतरी पोचट निघतात. बाहेरून सगळ्या सारख्याच टणक. आत दाणा आहे की नुसती पोकळी, हे नजरेला कळत नाही. म्हणून 17 ते 18 टक्के मिठाचं द्रावण करायचं, म्हणजे दहा लिटर पाण्यात सुमारे दोन किलो मीठ, आणि आठळ्या त्यात टाकायच्या. साध्या पाण्यात भरलेल्या आठळ्यांबरोबर अर्धवट भरलेल्याही बुडतात. मिठाचं पाणी जड असल्याने त्यात अर्धवट भरलेल्या वर येतात. वाळूने भरल्यासारख्या तळाला बसतात त्याच कामाच्या. तरंगणाऱ्या काढून टाकायच्या, बुडालेल्या गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवायच्या. हे धुणं कंटाळ्याने टाळू नये, कारण बादलीतलं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा जवळजवळ पाचपट खारं असतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये 35 ग्रॅमच्या आसपास क्षार, इथे तो आकडा पावणेदोनशेकडे जातो. एवढ्या खारात आठळी टिकते ती लाकडासारख्या कवचामुळे.

याच भागातल्या जिरायतीत बाजरी करणाऱ्यांना ही युक्ती अनोळखी वाटू नये. अरगट रोगाच्या काळ्या गाठी काढायला बाजरीचं बियाणं 20 टक्के मिठाच्या द्रावणात घालतात, वर आलेल्या गाठी आणि हलकं बी काढून टाकतात, उरलेलं धुऊन सावलीत सुकवतात. कोकणात भाताला हीच प्रक्रिया 3 टक्क्यांच्या पाण्यात होते. इथे मीठ उगवण वाढवत नाही, ते नुसतं चाळणीचं काम करतं. पोचट बी आधीच बाहेर गेलं की रोपवाटिकेत उगवणीचा आकडा आपोआप चांगला दिसतो आणि श्रेय मिठाला जातं. ‘मिठाने बी जोमाने येतं’ या समजुतीचं मूळ बहुधा इथेच असावं.

दुसरं काम उगवणीचं, आणि तिथे मिठाची बाजू पडते. वाळलेलं बी पाण्याला इतकं हपापलेलं असतं की खाऱ्या पाण्यातही सुरुवातीला फुगतं. अडतं ते पुढे. फुगलेल्या बियातून मूळ बाहेर पडायला पेशींना ताण लागतो, तो ताण आत येणाऱ्या पाण्यातून मिळतो, आणि बाहेरचे क्षार तेच पाणी उलट ओढून धरतात. विद्युतवाहकता मीटरला 3 डेसीसायमन असलेलं विहिरीचं पाणी बियाला साधारण एका वातावरणाच्या दाबाएवढा अडथळा करतं. त्याने रानझाडांचं बी मरत नाही, पण उगवण दोन-चार दिवस मागे पडते आणि काही बी मुळीच येत नाही. वाहकता 10 झाली की अडथळा साडेतीन वातावरणांच्या पुढे जातो. शिवाय सोडियम आणि क्लोराइड कोवळ्या मुळात साठून विषारी ठरतात, तो त्रास वेगळाच.

विहिरीचं पाणी तेवढं खारं नाही, असा हिशोब करून चालत नाही. पिशवीतली माती वाळते तेव्हा पाणी उडतं, क्षार मात्र तिथेच राहतात. ओलावा निम्मा झाला की उरलेल्या पाण्याचा खारटपणा दुप्पट. उन्हाळ्यात वरच्या बोटभर थरात, म्हणजे नेमकं जिथे आपण बी पुरतो तिथे, पाण्यापेक्षा कितीतरी पट खार जमतो. मचूळ पाण्यावर रोपं केली आणि बी ‘खराब निघालं’ म्हणून दुकानदाराला बोल लावला, असं पुष्कळदा होतं. बी बहुतेक वेळा ठीकच असतं.

एक फसवी गोष्ट इथे सांगायला हवी. बाभूळ, करंज, पिलू ही झाडं मोठी झाल्यावर खार बऱ्यापैकी सोसतात. करंज तर कोकणात खाडीकाठी उभा असतो. त्यावरून त्यांचं बीही खाऱ्यात उगवेल असा निष्कर्ष निघत नाही. खास खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींचं बीसुद्धा बहुतेक गोड्या पाण्यातच जास्तीत जास्त उगवतं. मग खारवट रानात बाभळी आपोआप येतात कशा? पावसाने. पणदऱ्याच्या पट्ट्यात वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही अडखळत पडणारा. पण एखादी दमदार सर आली की वरचा खार खाली ढकलला जातो आणि काही दिवस वरची माती गोडी होते. त्या दिवसांत उगवून, खार पुन्हा वर चढायच्या आत मूळ खाली पोचवलं ते झाड जगलं. बी खाराशी झुंजत नाही, मोका साधतं.

तो मोका बियाला हुकू नये म्हणून माणूस काय करू शकतो? टणक कवच आधीच नरम करायचं. बाभूळ आणि हिवर यांच्या बियांचं कवच पाणी आत घेतच नाही. उकळून आचेवरून उतरवलेल्या पाण्यात बी टाकून ते तिथेच रात्रभर थंड होऊ दिलं की फुगलेलं बी लगेच पेरता येतं. जुन्या वनखात्याची रीत याहून सोपी आहे: शेळ्यांच्या वाड्यातून बी गोळा करायचं. शेळी शेंगा खाते, रवंथ करताना कठीण बिया वाड्यात थुंकते, काही लेंड्यांतून पडतात. पोटातून जाऊन आलेलं बी लवकर उगवतं. बारामती-इंदापूरच्या माळांवर मेंढरं बसवण्याची चाल असल्याने झाडांची अशी पेरणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातली आणि इंदापुरातल्या कडबनवाडीच्या गवताळ रानातली चिंकारा हरणंही बोरं आणि शेंगा खातात.

बोराचं गणित आणखी निराळं. अख्खी आठळी उगवायला तीन-चार आठवडे लागतात. ती हलक्या हाताने फोडून आतला दाणा काढून लावला तर आठवड्याभरात कोंब दिसतो. खारवट रानात हा फरक फार मोठा, कारण गोड्या मातीचे दिवस मोजकेच असतात. फोडताना हातोडी जोरात बसली तर दाणा चिरडतो. दगडावर आठळी उभी धरून टोकाकडून मारणं बरं. पण फोडलेला दाणा मिठाच्या पाण्यात कधीही घालू नये. त्याला कवच उरलेलं नसतं.

शास्त्रज्ञ बी सौम्य मिठात किंवा पोटॅशियम नायट्रेटच्या पाण्यात थोडा वेळ भिजवून पुन्हा वाळवण्याचे प्रयोग करतात. काही पिकांत त्याने खाऱ्या जमिनीतली उगवण एकसारखी होते. पण मीठ किती आणि वेळ किती, हे प्रत्येक जातीला वेगळं. रानझाडांसाठी ही रीत सरसकट सांगावी असं मला वाटत नाही. तेवढ्याच श्रमात पावसाचं पाणी साठवलं तर जास्त पदरात पडतं.

ज्याला खात्री करून घ्यायची आहे त्याने घरीच पाहावं. तीन ताटल्या, त्यांत घडी घातलेलं सुती कापड, प्रत्येकीत एकाच झाडाच्या, गरम पाण्याची प्रक्रिया केलेल्या पन्नास बिया. एकीला साठवलेलं पावसाचं पाणी, दुसरीला विहिरीचं, तिसरीला तेच विहिरीचं पाणी उकळून निम्मं आटवून. ताटल्या झाकून सावलीत ठेवाव्यात आणि रोज उगवलेल्या बिया मोजाव्यात. पाण्याचा नमुना माळेगावच्या शारदानगरमधल्या कृषी विज्ञान केंद्रात तपासता येतो. वाहकता 0.75च्या आत असेल तर काळजी नाही, 2.25च्या वर गेली तर ते पाणी उगवणीला वापरू नये, चांगली पानं फुटलेल्या रोपांना थोडं थोडं देऊन सवय लावावी. माळेगाव खुर्दला 2009 पासून अजैविक ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. दुष्काळ आणि खराब जमीन हे तिचेच विषय.

लावताना जमीनही पाहून घ्यावी. नुसती खारवट असेल तर चर काढून निचरा केला की पाऊस खार धुऊन नेतो. चोपण असेल, म्हणजे सामू 8.5च्या वर आणि मातीत सोडियम चिकटून बसलेला, तर नुसतं पाणी सोडून उपयोग नाही, आधी जिप्सम लागतं. चोपण मातीचा वरचा थर वाळून इतका कडक होतो की उगवलेला कोंबही तो फोडू शकत नाही. ठिबक असेल तर खार ओल्या भागाच्या कडेला जमतो, आणि हलक्या सरीने तो पुन्हा मुळाशी येतो. म्हणून भुरभुर पाऊस चालू असताना ठिबक बंद करू नये.

कडुनिंबाचं बी पिकल्यावर दोन-तीन आठवड्यांतच उगवणशक्ती गमावतं, त्यामुळे ते जून-जुलैतच लावायचं, साठवायचं नाही. बोरांचं उलट. दिवाळी झाली की गावरान बोरं बाजारात दिसू लागतील. खाऊन झालेल्या आठळ्या गर धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि कापडी पिशवीत ठेवाव्यात. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, वाफसा आला की, मिठाच्या पाण्यात निवडलेल्या आठळ्या फोडून प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन दाणे थेट लावावेत. बोराचं सोटमूळ लवकर खोल जातं, पिशवीतून काढून लावताना दुखावतं. जागेवर उगवलेल्या खुंटावर पुढच्या वर्षी डोळा भरता येतो.