बेल्ट हाडांवर बसावा

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळली, तर ती साधारण एक दशांश सेकंदात थांबते. या एवढ्याशा वेळात तिचे नाक चेपत जाते आणि माणसे बसलेली केबिन आणखी साठ-सत्तर सेंटिमीटर पुढे सरकून मग थांबते. गाडीचा पुढचा भाग असा चेपण्यासाठीच बनवलेला असतो. सीटबेल्टचे सारे काम या सत्तर सेंटिमीटरमध्ये होते. बेल्टने माणूस केबिनला जखडला जातो आणि केबिन जशी थांबत जाते तसा तोही थांबत जातो. बेल्ट न लावलेला माणूस मात्र ताशी ५०च्याच वेगाने पुढे जात राहतो. गाडी थांबली तरी त्याचे थांबणे बाकी असते. त्याला थांबवतो तो डॅशबोर्ड, स्टिअरिंग किंवा काच, आणि तेही पाच-दहा सेंटिमीटरांत. थांबण्याचे अंतर सात पटींनी घटले की शरीरावर येणारा सरासरी जोरही तितक्याच पटींनी वाढतो.

५०चा वेग शहरातल्या रस्त्यावर किरकोळ वाटतो. तिसऱ्या मजल्यावरून पडणारा माणूस जमिनीवर आदळतो तो जवळपास याच वेगाने. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या १००च्या वेगाला हीच उंची तेरा मजल्यांवर जाते, कारण वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. ‘वेळ आली तर हाताने सावरू’ असे म्हणणाऱ्याने एवढाच हिशेब करावा: ५०च्या धडकेत चेपणाऱ्या गाडीतही शरीरावर वजनाच्या सुमारे चौदा पट जोर येतो. साठ किलोच्या माणसाला आपले आठशे चाळीस किलो हातांवर पेलावे लागतील.

आज सगळीकडे दिसणारा, खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन बिंदूंचा बेल्ट नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने घडवला. व्होल्वो कंपनीत येण्यापूर्वी ते साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत होते, त्यामुळे अचानक बसणारे हिसके शरीर कुठे सोसते आणि कुठे सोसत नाही याची त्यांना चांगली जाण होती. त्याआधीचे बेल्ट बहुधा फक्त कमरेचे असत आणि धडकेत पोटातल्या अवयवांना इजा करत. बोलिन यांचा बेल्ट १९५९मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत आला. कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही मोकळेपणाने वापरू दिले. बेल्ट लावण्याची सक्ती मात्र सावकाश आली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७०मध्ये पहिल्यांदा तसा कायदा केला. भारतात मोटारींना पुढच्या सीटचे बेल्ट बसवणे १९९४पासून बंधनकारक झाले.

बोलिन यांच्या रचनेचे मर्म असे, की जोर शरीराच्या भक्कम हाडांवर पडावा: कमरेची दोन्ही बाजूंची हाडे, बरगड्यांचा पिंजरा आणि गळ्याखालचे आडवे हाड. त्यामुळे बेल्ट लावला की नाही याइतकाच तो कुठून गेला हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कमरेचा पट्टा पोटावर न येता त्याखाली, मांड्या सुरू होतात तिथे घट्ट बसावा. खांद्याचा पट्टा गळ्याच्या हाडाच्या मध्यावरून छातीच्या मधोमध यावा. तो मानेला घासत असेल किंवा दंडावरून घसरत असेल तर दाराजवळच्या खांबावरची त्याची कडी वरखाली करता येते. पुष्कळ गाड्यांत ही सोय असते आणि पुष्कळांना ती ठाऊक नसते. पट्टा काखेखालून घेणे हा त्रासातून सुटण्याचा सर्वांत वाईट मार्ग. तसे केले की सगळा जोर खालच्या, नाजूक बरगड्यांवर येतो आणि त्यांच्यामागे यकृत आणि प्लीहा असतात.

ढिला पट्टाही असाच फसवा. पट्टा आणि छाती यांत दहा सेंटिमीटर जागा राहिली, तर मिळणाऱ्या सत्तर सेंटिमीटरांपैकी तेवढे अंतर फुकट गेले. पट्टा गुंडाळणारी चकती हळू ओढल्यावर मोकळी सुटते आणि हिसका बसताच अडकते. नव्या गाड्यांत धडकेच्या क्षणी बारीकसा स्फोट घडवून पट्टा मागे ओढणारी यंत्रणाही असते. ती थोडासा ढिलेपणा काढते, जाड जॅकेटचा किंवा उशीचा नाही. सीट फार मागे रेलवून झोपलेल्या प्रवाशाच्या बाबतीत ती जवळपास निरुपयोगी होते. त्याचे शरीर पट्ट्याखालून पुढे सरकते आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. रात्रीच्या प्रवासात चालकाशेजारी बसणाऱ्याला हा धोका नेहमीचा. गरोदर स्त्रीनेही बेल्ट टाळू नये. कमरेचा पट्टा पोटाच्या उंचवट्याखालून आणि खांद्याचा पट्टा स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने जाईल असा घेतला तर तो आई आणि बाळ दोघांनाही राखतो.

एअरबॅगमुळे बेल्ट लावण्याची गरज संपली, हा समज बऱ्यापैकी रुजलेला आहे. गाडीच्या कागदपत्रांत एअरबॅगला ‘पूरक’ साधन म्हटलेले असते, ते उगाच नाही. एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याआधी, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने फुगते आणि लगेच वायू सोडत मऊ पडते. बेल्टने मागे धरलेले डोके या मऊ पडणाऱ्या पिशवीवर टेकले तर ते वाचते. बेल्ट नसलेला माणूस ती फुगत असतानाच तिच्यावर जाऊन पडतो. चालकाची छाती स्टिअरिंगच्या मधल्या भागापासून निदान पंचवीस सेंटिमीटर लांब असावी, ती याचसाठी. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर पाय ठेवून बसणे, किंवा नेमक्या एअरबॅगच्या झाकणावर गणपतीची मूर्ती चिकटवणे, दोन्ही घातक. मूर्तीला दुसरी जागा देता येते. सीटच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाड्यांत बाजारातले जाड सीटकव्हर तिची वाट अडवते. पुढे लावलेला लोखंडी क्रॅशगार्डही गाडीचे चेपण्याचे गणित आणि एअरबॅगच्या सेन्सरची वेळ दोन्ही बिघडवतो. त्यावर कारवाई करण्याची सूचना केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना दिली, तरी रस्त्यावर असे गार्ड अजून दिसतात.

खरी ढिलाई मागच्या सीटवर आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. त्या घटनेनंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२पासून गाडीतल्या सर्वांना बेल्ट सक्तीचा केला. खरे तर मागच्या, पुढे तोंड असलेल्या सीटवरच्या प्रवाशांवर केंद्रीय मोटार वाहन नियमांनी हे बंधन आधीच घातलेले होते. नियम नव्हता असे कोणाला म्हणता येणार नाही, तो कोणी पाळत नव्हते एवढेच.

मागे बसलेल्याची बेफिकिरी त्याच्यापुरती राहत नाही. जपानमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००२मध्ये आला. मागच्या प्रवाशाने बेल्ट लावला नसेल, तर पुढे बेल्ट लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. साठ-सत्तर किलोचे शरीर पाठीमागून सीटवर आदळले की पुढचा माणूस सीट आणि बेल्ट यांच्यात चिरडला जातो. आपल्याकडे मागचा बेल्ट न लावण्याचे एक कारण अगदी साधे आहे. सीटकव्हर चढवताना बक्कल आत दडपली जाते. टॅक्सीत बसल्यावर बेल्ट सापडतो, त्याची बक्कल सापडत नाही. कव्हर बसवणाऱ्याकडून बक्कलांसाठी फटी पाडून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी बेल्ट न लावलेली १६,७१५ होती, आणि त्यांत ८,३८४ चालक तर ८,३३१ प्रवासी होते. म्हणजे बेल्टविना मेलेल्यांत निम्मे स्टिअरिंगवर नव्हते.

मुलांच्या बाबतीत मोठ्यांचे गणित चालत नाही. वर सांगितलेला चौदा पटींचा जोर दहा किलोच्या बाळाला लावला तर ते त्या क्षणी एकशेचाळीस किलोंचे होते. कितीही जिवाच्या आकांताने धरले तरी आईच्या हातांत ते राहत नाही. आई आणि बाळ दोघांवरून एकच बेल्ट घेणे याहून वाईट, कारण तेव्हा आईचे सगळे वजन पट्टा आणि ती यांच्यामध्ये सापडलेल्या बाळावर येते. पुढच्या सीटवर बाळ मांडीवर घेऊन बसण्यात एअरबॅगची भर पडते. सनरूफमधून डोके काढून उभ्या राहिलेल्या मुलाविषयी वेगळे सांगायला नको.

जन्मतः बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या जवळपास पाव हिस्सा असते. मोठ्या माणसात हा हिस्सा सात-आठ भागांतला एक. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. पुढे तोंड करून बसवलेल्या तान्ह्या मुलाचे धड पट्ट्यांनी अडवले, तरी डोके पुढे फेकले जाऊन सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड करून बसवले तर पाठ, मान आणि डोके एकत्रच सीटच्या पाठीत दाबले जातात आणि जोर सगळ्या पाठीवर पसरतो. स्वीडनचे बर्टिल आल्डमन यांनी १९६४मध्ये मागे तोंड असलेल्या बालसीटचा पहिला नमुना केला, तेव्हा त्यांच्यासमोर जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची पाठीवर रेललेली बैठक होती. ‘आर १२९’ या नव्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड अनिवार्य आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये त्याही पुढे जाऊन, सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मूल असेच बसवावे असा सल्ला दिला. पाय दुमडलेले दिसतात म्हणून आजीआजोबा लवकर सीट फिरवायला सांगतात, पण मुलांना तशी बैठक अवघड वाटत नाही. मात्र अशी सीट चालू एअरबॅगसमोर, पुढच्या जागेवर कधीही ठेवू नये. फुगणारी पिशवी नेमकी बाळाच्या डोक्यामागे येऊन आदळते.

त्यानंतर पुढे तोंड असलेली, पाच पट्ट्यांची सीट आणि मग बूस्टर. बूस्टर मुलाला उंच करतो, एवढेच त्याचे काम, पण ते मोठे आहे. दहा वर्षांच्या आसपासपर्यंत कमरेच्या हाडांचे पुढचे उंचवटे नीट तयार झालेले नसतात, म्हणून मोठ्यांचा पट्टा पोटावर चढतो. वयापेक्षा बसण्याची पद्धत पाहावी. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेला वाकतात का, पट्टा मांड्यांवर आणि गळ्याच्या हाडावर येतो का, आणि मूल सगळा प्रवास तसेच बसून राहते का. बहुतेक मुलांना हे साधारण १४५ सेंटिमीटर उंची झाल्यावर जमते.

सीट विकत घेताना ‘आर ४४’, ‘आर १२९’ किंवा भारतीय ‘एआयएस-०७२’ यांपैकी मानकाचा शिक्का पाहावा. गाडीत बालसीट थेट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या असतील तर बसवताना चूक होण्याचा धोका घटतो. नसतील तर बेल्टने बांधलेली सीटही तितकीच सुरक्षित असते, फक्त ती बांधलेल्या जागी हाताने हलवून पाहावी. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो ढिला आहे. मागे तोंड असताना हे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत, पुढे तोंड असताना खांद्याच्या वरून. रुग्णालयातून घरी आणताना बाळाला दुपट्यात गुंडाळण्याची आपली पद्धत इथे आड येते. गुंडाळलेल्या बाळाला पट्टे लावता येत नाहीत. आधी पट्टे लावावेत, मग वरून दुपटे घालावे.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४-बमध्ये, १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालसीट न लावल्यास चालकाला एक हजार रुपये दंड ठेवला आहे. ‘किंवा’ या शब्दाने तेरा वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाचे बाळ एकाच मापात बसवले, ही या कलमाची उणीव. ‘भारत एनकॅप’ ही २०२३मध्ये सुरू झालेली चाचणी याबाबत अधिक काटेकोर आहे. तिथे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या आकाराच्या पुतळ्यांसह धडक घडवून बालसुरक्षेचे ४९ पैकी गुण स्वतंत्रपणे दिले जातात.

बेल्ट न लावल्यावर वाजणारा भोंगा गप्प करणाऱ्या, बक्कलमध्ये नुसत्याच खुपसायच्या क्लिपा ऑनलाइन उघड विकल्या जात होत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या आदेशानंतर २०२३मध्ये पाच कंपन्यांनी या क्लिपांच्या १३,११८ नोंदी संकेतस्थळांवरून काढल्या. जोरदार अपघातात ताण सोसलेला बेल्ट पुन्हा वापरू नये. त्याचे धागे ताणले गेलेले असतात आणि पट्टा मागे ओढणारी यंत्रणा एकदाच चालते. बालसीटलाही हेच लागू, म्हणून पूर्वीचा इतिहास माहीत नसलेली जुनी सीट स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. प्लास्टिकची चीर बाहेरून दिसेलच असे नाही. उत्पादकाने ठरवलेली वापराची मुदत बहुधा सीटच्या तळाशी कोरलेली असते.