राजाचं पाणी, चित्रकाराचं पाणी : व्हर्साय आणि जिव्हर्नी एका दिवसात पाहताना

पॅरिसला गेलेल्या पर्यटकाला एका दिवसाची एक सहल हमखास सुचवली जाते. सकाळी बसमध्ये बसायचं, लुई राजांचा व्हर्सायचा राजवाडा आणि चित्रकार क्लोद मोने यांची जिव्हर्नीची बाग, दोन्ही पाहायचं आणि संध्याकाळी परत. व्हर्साय पॅरिसच्या नैर्ऋत्येला साधारण 20 किलोमीटरवर आहे, तर जिव्हर्नी वायव्येला साधारण 75 किलोमीटरवर, नॉर्मंडीच्या वेशीवर. युरोप टूरला जाणारी आपली मराठी मंडळीही तिथे जातात. परतल्यावर विचारलं तर व्हर्साय ‘भव्य’ आणि जिव्हर्नी ‘सुंदर’, एवढ्यावर वर्णन आटोपतं. खरं म्हणजे या दोन जागा एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्या बरंच काही सांगतात. त्यासाठी आज आपण दोनच प्रश्न धरून चालू : इथे पाणी कुठून आलं? आणि ही जागा आजपर्यंत टिकली कशी?

आधी व्हर्साय. तेराव्या लुईने 1623 मध्ये इथे शिकारीसाठी एक लहानसं घर बांधलं. त्याच्या मुलाने, चौदाव्या लुईने, त्याचा राजवाडा केला आणि 1682 मध्ये अख्खा दरबार इथे हलवला. बाग आखली आंद्रे ल नोत्र याने. शिकारीला जागा उत्तम होती, पण कारंज्यांना लागतं ते मुबलक पाणी इथे नव्हतं. आणि राजाला तर शेकड्यांनी कारंजी हवी होती.

मग सुरू झाला पाण्याचा खटाटोप. आसपासची तळी जोडली, उंचावर हौद बांधले, पवनचक्क्या लावून खाली उतरलेलं पाणी पुन्हा वर चढवलं. तरीही पुरेना. शेवटी सेन नदीवर मार्लीचं प्रसिद्ध यंत्र उभं राहिलं. ते 1684 मध्ये पूर्ण झालं. त्याला 14 प्रचंड लाकडी चाकं आणि दोनशेहून जास्त पंप होते, आणि ते नदीचं पाणी टप्प्याटप्प्याने दीडशे मीटरहून अधिक उंच चढवत असे. एवढं करूनही सगळी कारंजी एकाच वेळी चालवता येत नसत. राजा बागेत फिरायला निघाला की पुढच्या कारंज्यावरच्या माणसाला शिट्टीने इशारा जायचा. तो चावी उघडायचा, राजा पुढे गेला की बंद करायचा. राजाला मात्र सगळीकडे पाणी उडतानाच दिसायचं!

याहून मोठा बेत होता यूर नदी वळवून आणण्याचा. 1685 मध्ये काम सुरू झालं आणि त्यावर हजारो सैनिक जुंपले गेले. दलदलीत खोदकाम करताना कित्येक जण तापाने मेले. 1688 मध्ये युद्ध पेटलं, सैनिक आघाडीवर गेले आणि काम कायमचं थांबलं. मंतनों इथे त्या जलवाहिनीच्या अर्धवट कमानी आजही उभ्या आहेत. त्या या सहलीत दाखवत नाहीत, पण व्हर्सायचं कारंजं पाहताना त्या आठवाव्यात असं आम्हाला वाटतं. राजाच्या हौसेची किंमत तिथे दगडात दिसते.

आता जिव्हर्नीकडे वळू. मोने 1883 मध्ये इथे भाड्याच्या घरात राहायला आले, तेव्हा त्यांचं वय होतं 42. पुढे 1890 मध्ये त्यांनी ते घर विकत घेतलं आणि 1893 मध्ये रेल्वे रुळांपलीकडची जमीन घेतली. तिथून एप्त नदीचा एक छोटा फाटा वाहत होता. त्याचं पाणी वळवून तळं करायचं आणि त्यात कमळं लावायची, असा त्यांचा विचार होता.

राजाने हुकूम दिला होता, चित्रकाराला मात्र अर्ज करावा लागला! गावकऱ्यांनी विरोध केला. या परदेशी वनस्पतींनी पाणी विषारी झालं तर गुरांनी काय प्यायचं, ही त्यांची भीती होती. आपल्याला आज हसू येईल, पण ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याने असा प्रश्न विचारणं अगदी रास्तच. हे फक्त डोळ्यांच्या आनंदासाठी आणि चित्रांना विषय मिळावा म्हणून आहे, असं मोने यांनी सरकारी अधिकाऱ्याला कळवलं. परवानगी मिळाली. 1901 मध्ये त्यांनी जमीन घेऊन तळं आणखी वाढवलं.

पुढची गोष्ट चाकरीची. पाण्यातलं शेवाळ आणि पिकलेली पानं काढायला एक माळी रोज होडीतून तळ्यात उतरायचा. शेजारच्या कच्च्या रस्त्यावरून मोटारी जाऊ लागल्या आणि धूळ कमळांवर बसू लागली, तेव्हा मोने यांनी स्वतःच्या पैशाने रस्त्यावर डांबर घालून घेतलं. म्हणजे आपण ज्याला निसर्गाचं चित्र म्हणतो, ते चित्र काढण्याआधी तो निसर्गच तिथे मेहनतीने तयार केलेला होता.

या दोन्ही जागांना जोडणारी दोन माणसं आहेत. पहिले जॉर्ज क्लेमांसो, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रान्सचे पंतप्रधान. 28 जून 1919 रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात शांतता करारावर सह्या झाल्या, तेव्हा यजमान तेच होते. त्या करारावर हिंदुस्थानतर्फे बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांचीही सही आहे. हेच क्लेमांसो मोने यांचे जिवलग मित्र. युद्धविराम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मोने यांनी त्यांनाच पत्र लिहून कमळांची चित्रं देशाला देऊ केली. पुढे मोतीबिंदूने दिसेनासं झालं, तेव्हा शस्त्रक्रियेसाठी मागे लागले तेही क्लेमांसोच. मोने 1926 मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी ती भव्य चित्रं पॅरिसच्या ओरांजेरी संग्रहालयात लागली.

दुसरं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं : जेराल व्हान देर केम्प. 1953 पासून 1980 पर्यंत व्हर्सायची व्यवस्था त्यांच्याकडे होती. राज्यक्रांतीनंतर तिथलं सामान लिलावात विकलं गेलं होतं. ते शोधून परत आणण्यासाठी आणि दालनं पुन्हा सजवण्यासाठी त्यांनी देणगीदार, विशेषतः अमेरिकन देणगीदार, गोळा केले. 1977 मध्ये जिव्हर्नीचं कामही त्यांच्याच हाती आलं. मोने यांच्या मुलाने 1966 मध्ये ती मालमत्ता फ्रान्सच्या ललित कला अकादमीला दिली होती, पण तोवर तिची रया गेली होती. घराच्या तुळया कुजलेल्या, मोठ्या चित्रशाळेत झाडं उगवलेली, पूल सडलेला. तळं नव्याने खणावं लागलं, पूल पुन्हा बांधावा लागला. 1980 मध्ये बाग लोकांसाठी उघडली. तेव्हा आज आपण ‘जसंच्या तसं’ म्हणून जे पाहतो, ते दोन्हीकडे पुन्हा उभं केलेलं आहे, आणि त्यामागे एकाच माणसाची चिकाटी आहे.

आता या माहितीचा सहलीत उपयोग काय? वेळ थोडा असतो. व्हर्सायला सगळी दालनं पाहण्याचा हट्ट सोडा. आरसेमहाल पाहा, मग गच्चीवर येऊन बागेचा उतार नीट न्याहाळा. पाणी वरच्या हौदांतून उताराने येतं आणि सगळ्यात खाली लांबलचक कालवा आहे. कारंजी अजूनही मुख्यतः याच उताराच्या जोरावर उडतात. ती रोज चालू नसतात, बहुतेक एप्रिल ते ऑक्टोबरमधल्या शनिवार-रविवारी असतात. राजवाडा सोमवारी बंद असतो.

जिव्हर्नीची बाग एप्रिलपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडी असते. पुलावरची विस्टेरियाची निळी-जांभळी वेल मे महिन्यात फुलते, कमळं भर उन्हाळ्यात. घर आणि तळं यांच्यामध्ये रस्ता आहे, त्याखालच्या भुयारी वाटेने जावं लागतं. घरात लावलेली मोने यांची चित्रं प्रतिकृती आहेत. मूळ चित्रांसाठी पॅरिसमध्ये ओरांजेरी आणि मार्मोतां ही संग्रहालयं गाठावीत. जमलं तर जिव्हर्नी आधी आणि ओरांजेरी दुसऱ्या दिवशी, असा क्रम ठेवा.

आणि दोन्हीकडे फोटो काढून झाले की पाच मिनिटं तिथे काम करणाऱ्या माळ्यांकडे पाहा. राजा गेला, चित्रकार गेला. त्यांच्या बागा त्या माळ्यांच्या रोजच्या कामावर जगतात.

आता तुमचे प्रश्न घेऊया.