डोळा निरोगी, तर बाग निरोगी

लेखणीला आपण कलम म्हणतो आणि झाडावर बांधतात तेही कलमच. लेखणीनं चुकीचं लिहिलं तर खोडता येतं. संत्र्याचं कलम रोगट निघालं, तर ते वर्षानुवर्षं शेतात उभं राहतं.

वरूड-मोर्शी, काटोल-नरखेड भागात झाड पिवळं पडलं की शेतकरी औषधाच्या दुकानात जातो. बुरशीवर औषध आहे, जस्त कमी पडलं तर तेही फवारता येतं. विषाणूवर मात्र औषध नाही. म्हणून आधी रोग ओळखायला हवा.

ट्रिस्टेझा हा लिंबूवर्गातला सर्वांत घातक विषाणूरोग. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ उदासी. 1930 नंतर ब्राझीलमध्ये आंबट संत्र्याच्या खुंटावरची लाखो झाडं या रोगानं वाळली. या रोगात झाड खुरटतं, पानं लहान व निस्तेज होतात, फांद्या शेंड्याकडून वाळतात, फळं बारीक राहतात. कागदी लिंबाचं कोवळं पान उजेडात धरलं, तर शिरांवर तुटक पारदर्शक रेषा दिसतात. साल सोलली, तर लाकडावर लांबट खाचा आढळतात.

पण प्रत्येक पिवळं पान विषाणूचं नसतं. जस्त कमी असेल तर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखाच असतो. ग्रीनिंग रोगात दोन बाजू वेगवेगळ्या दिसतात. तो जिवाणूंचा रोग असून सायला कीड पसरवते. बुंध्यातून डिंक वाहत असेल, तर बहुधा बुरशीचा डिंक्या. पक्की खात्री प्रयोगशाळेतल्या एलायझा किंवा पीसीआर चाचणीनंच होते.

ट्रिस्टेझा जंबेरीच्या बियांतून येत नाही; तो येतो वर बांधलेल्या डोळ्यातून. जंबेरीचा खुंट हा रोग सोसतो, त्यामुळे रोगट झाडही हिरवंगार दिसू शकतं. त्याच झाडाचे डोळे शेकडो खुंटांवर बांधले, की रोग शेकडो शेतांत पोचतो. पुढे नवतीवर बसणारा मावा तो शेजारच्या झाडावर नेतो.

यावर उपाय आहे. शेंड्याच्या टोकाच्या सूक्ष्म कोंबात विषाणू सहसा पोचलेला नसतो. तो कोंब सूक्ष्मदर्शकाखाली कलम करून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करता येतात. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत हे काम होतं.

रोपं घेताना तीन प्रश्न जरूर विचारा. डोळे कोणत्या झाडाचे? त्या झाडाची चाचणी केव्हा झाली? रोपं कीटकरोधक जाळीत वाढवली का? बागेत नवती फुटताना माव्यावर लक्ष ठेवा. काही रोग अवजारांतूनही पसरतात. म्हणून एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना चाकू-कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या 1 टक्का द्रावणात बुडवा. चाचणीत रोगट ठरलेलं झाड उपटून टाका. त्याचा डोळा कुणालाही देऊ नका.

कलमाला भरीचं फळ यायला चार-पाच वर्षं लागतात. तेवढ्या काळाचं खत, पाणी आणि कर्ज त्या एका डोळ्यावर अवलंबून असतं. रोपाची किंमत विचारण्याआधी त्याच्या डोळ्याची चौकशी करा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)