विश्लेषण : माणसाची पाठदुखी, मांजरीचा सुजलेला पंजा… प्लाझ्मा पेशी बिघडल्या की काय होते?

उरण तालुक्यातील करंजा बंदरात होड्या धक्क्याला लागल्या की मासळीभोवती मांजरी जमतात. जाळी, बर्फ आणि टोपल्या उचलणाऱ्यांना पाठदुखी नवी नसते; मांजरीचा पंजा सुजला तरी ‘काहीतरी टोचले असेल’ म्हणून सोडून दिले जाते. दोन्हींची कारणे बहुतेकदा साधीच असतात. मात्र काही वेळा त्यामागे शरीरातील एकाच प्रकारच्या पेशी असतात. अशा वेळी औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी दोघांनाही महागात पडू शकते.

प्लाझ्मा पेशी म्हणजे काय?

रक्तातील ‘बी’ पेशींना जंतूंची ओळख पटली की त्यांतील काहींच्या प्लाझ्मा पेशी होतात. प्रतिपिंडे म्हणजेच अँटिबॉडी तयार करणे हे त्यांचे काम. स्वीडनच्या शास्त्रज्ञ अॅस्ट्रिड फाग्रेउस यांनी १९४८मध्ये हा संबंध दाखवून दिला. माणूस असो वा मांजर, ही व्यवस्था सारखीच चालते. पण त्यातील बिघाड दोघांत बहुधा वेगळ्या प्रकारे दिसतो.

माणसांत कोणता आजार होतो?

मुख्य आजार मल्टिपल मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. अस्थिमज्जेत एकाच पेशीची पिल्लावळ बेसुमार वाढते आणि एकाच साच्याचे निरुपयोगी प्रथिन रक्तात सोडते. हाडे पोखरली जातात, रक्त कमी होते, कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. अभिनेत्री आणि तेव्हाच्या खासदार किरण खेर यांचा हा आजार हात मोडल्यानंतरच्या तपासण्यांत लक्षात आला. २०२१मध्ये ती माहिती जाहीर झाली.

प्रथिन वाढले म्हणजे कर्करोगच असे नाही. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत पन्नाशीपुढील सुमारे ३ टक्के लोकांत ते आढळले. अशांपैकी वर्षाला साधारण १ टक्का लोकांनाच पुढे मायलोमा किंवा तत्सम आजार होतो. त्यांना औषध नव्हे, नियमित तपासणी लागते.

कोणती पाठदुखी अंगावर काढू नये?

पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे, विश्रांतीनेही न थांबणारी पाठ वा बरगड्यांची दुखी, सोबत थकवा, वारंवार होणारा जंतुसंसर्ग किंवा किरकोळ धक्क्याने मोडलेले हाड असेल तर तपासणी करावी. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि प्रथिनांची ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ चाचणी यांतून दिशा कळते. लघवीही तपासतात. लंडनचे डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४८मध्ये एका रुग्णाच्या लघवीतील ज्या प्रथिनाची नोंद प्रसिद्ध केली, ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

मांजरींमध्ये काय दिसते?

मांजरीत मायलोमा होतो, पण क्वचित. पंजा सुजण्याचे एक कारण ‘पिलो फूट’ हा आजार असतो. यात प्लाझ्मा पेशी पंजाच्या गादीत गर्दी करतात. मधली मोठी गादी मऊ, फुगीर, जांभळट होते आणि कधी फुटून रक्त येते. हा कर्करोग नाही. काही मांजरींत तो आपोआप बरा होतो. इतरांना पशुवैद्यक बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. ही गोळी कोरडी दिल्यास अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते, म्हणून पाठोपाठ थोडे पाणी पाजावे लागते.

दुसरा आजार तोंडाचा. हिरड्या लालबुंद होतात, लाळ गळते, भुकेली मांजर मासळीजवळ येते, पण दुखते म्हणून खात नाही. अनेकदा दात काढल्यावरच आराम पडतो.

मांजरीकडून माणसाला लागण होते का?

नाही. मायलोमा संसर्गजन्य नाही, पिलो फूटही माणसाला होत नाही. पिलो फूट झालेल्या काही मांजरींत ‘एफआयव्ही’ विषाणू सापडतो. तो मुख्यत्वे चावण्यातून मांजरींमध्येच पसरतो. मात्र मांजर चावली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन रेबीज लशीसाठी दवाखाना गाठायलाच हवा.

वेदनाशामक गोळी का नको?

मायलोमातील प्रथिनामुळे मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो. त्यात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी त्यांना आणखी इजा होते. दुखणे दबते आणि निदानही लांबते. मांजरीसाठी तर पॅरासिटामोल विष आहे. ते पचवण्याची यंत्रणा तिच्या यकृतात अपुरी असते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. माणसांची ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते.

उपचार कोठे?

पनवेल तालुक्यातच, खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अॅक्ट्रेक’ केंद्र असून तेथे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सोय आहे. मायलोमात मेल्फलान या औषधाचा मोठा डोस देऊन रुग्णाच्याच मूळपेशी परत सोडतात. आजार सहसा मुळापासून जात नाही, पण वर्षानुवर्षे आटोक्यात राहू शकतो. मांजरीच्या मायलोमातही हेच मेल्फलान अगदी अल्प मात्रेत वापरतात. मांजरींसाठी परळला १८८३मध्ये स्थापन झालेले बाई साकरबाई रुग्णालय आहे.

एवढ्या दूर जाण्याआधी पहिली पायरी जवळच आहे : माणसासाठी सरकारी दवाखान्यातील रक्त-लघवीची तपासणी आणि मांजरीसाठी तालुक्यातील पशुवैद्यक.